तासाचा बोर्ड

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, दोन वर्कशॉपच्या मधल्या एका पत्र्याच्या गाळ्यात, दर रविवारी सिनेमाची शाळा भरायची. शाळा म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्या, चुन्यानं रंगवलेली एक भिंत आणि सर. सरांचे वडील पिंपरीला एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. मुलानं आयटीआय करून त्याच गेटातून आत जावं अशी त्यांची इच्छा. मुलगा गेला पुण्याला, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, कॅमेरा शिकायला. पुढं मुंबईत बरीच वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या सिनेमांचा कॅमेरा सांभाळला, मग घरी परतला आणि पदरच्या पैशानं माहितीपट काढू लागला. माहितीपट महोत्सवांत दाखवले जायचे, टाळ्या पडायच्या आणि सर पुन्हा कर्जात. घर चालायचं ते कंपन्यांच्या फिल्मांवर. नव्या प्लांटचं उद्घाटन, वार्षिक स्नेहसंमेलन, आणि मार्च जवळ आला की सुरक्षेच्या फिल्मा. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या आठवड्यात तळवड्यापासून चाकणपर्यंत ज्याला त्याला हेल्मेट घातलेली हसरी माणसं दाखवायची असतात.

पहिल्या रविवारी सर एकच गोष्ट सांगायचे, बाबूराव पेंटरांची. पोरं बहुतेक मशीनवरची, त्यामुळं ती त्यांना चटकन भिडायची. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव हे नात्यातले दोन तरुण त्यानं झपाटले. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळवला, त्याची रचना समजून घेतली आणि कॅमेरा स्वतःच घडवायला बसले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामल्यांसारखा हरहुन्नरी शिष्य हाताशी धरून त्यांनी १९१८ पर्यंत कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकर या गायिकेनं पैसे घातले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पुण्यात लागला. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. सरकारला मात्र कीचकवधाचं दृश्य फारच खरं वाटलं आणि ते कापायला लावलं गेलं.

“म्हणजे कॅमेरा बनवला त्यांनी आणि कात्री दुसऱ्याच्या हातात,” असं कुणीतरी पोरगं म्हणायचंच. सर हसायचे आणि पुढं सरकायचे, कारण त्यांचा खरा जीव होता ‘सावकारी पाश’वर. १९२५ सालचा मूकपट, नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा. देवादिकांच्या आणि इतिहासाच्या पटांवर पैसा मिळत असताना बाबूरावांनी एक साधा शेतकरी घेतला. त्याची जमीन सावकार गिळतो, तो शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याचं काम शांताराम वणकुद्रे नावाच्या तरुणानं केलं, ते पुढं व्ही. शांताराम झाले. चित्र फारसं चाललं नाही. आज त्याची प्रतही उरलेली नाही. पण चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या आठवणीत त्यातली एक गोष्ट कैक वर्षांनंतरही घर करून होती. अंधारात बुडालेली एक भकास झोपडी आणि रडणारं कुत्रं.

“सावकाराचा चेहरा नाही आठवला त्यांना,” सर म्हणायचे. “झोपडी आठवली. का, ते विचार करून या.”

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी वर्गात कधीच दिलं नाही. शिक्षक म्हणून ही त्यांची खोड होती, आणि पोरांना ती वैतागवाणी वाटे.

वर्गात इंद्रायणीनगरची एक मुलगी होती. पोटासाठी ती लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायची. वरातीतल्या गुलालाला कुठलं गाणं आणि पाठवणीच्या रडण्याला कुठलं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. हात चलाख, डोळा तिखट आणि राग नाकावर. सर तिला असिस्टंट म्हणून न्यायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीत काम आलं ते महाळुंग्याच्या बाजूच्या एका प्रेस शॉपचं. गाड्यांच्या सीटखाली लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट तिथं बनत आणि मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीला जात. मालक खेड तालुक्यातलाच शेतकऱ्याचा मुलगा. आधी तो पिंपरीला कामाला होता, मग भोसरीत एक जुनी प्रेस टाकली, आणि आता इथं चार-पाच प्रेस, दोन शिफ्ट आणि सगळे कामगार ठेकेदाराचे. कस्टमरनं सांगितलं होतं, सुरक्षा सप्ताहात दाखवायला फिल्म हवी. आठ मिनिटांची, मराठी-हिंदीत. निम्मे पैसे आधी, निम्मे नंतर. सरांचा नवा माहितीपट साउंड मिक्सिंगपाशी अडला होता. निघोज्याच्या चाळींतल्या खोल्यांवर तो होता. जमीन कंपन्यांना गेल्यावर गावकऱ्यांनी बांधलेल्या आणि लातूर-नांदेड-यवतमाळच्या पोरांनी भरलेल्या खोल्या. हे उरलेले निम्मे पैसे मिळाले की ते काम होणार होतं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी दोघं शॉप बघायला गेले. सर सुपरवायझरशी बोलत असताना मुलगी प्रेसच्या ओळीतून हिंडत होती. तीन नंबरच्या प्रेसवर लातूरकडचा एक पोरगा होता. प्रेसला दोन बटणं असतात, अंतर ठेवून बसवलेली. दोन्ही एकदम दाबली तरच स्ट्रोक खाली यावा, म्हणजे स्ट्रोक येताना दोन्ही हात डायच्या बाहेर राहतात, हा त्यातला हिशेब. नव्या यंत्रांत दर स्ट्रोकला दोन्ही बटणं सोडावीच लागतात. ही जुनी प्रेस तसं काही विचारत नव्हती. तिच्या डाव्या बटणात लाकडाची चिपटी ठोकलेली होती आणि वरून टेप. पोरगा डाव्या हातानं ब्रॅकेट ठेवत होता, उजव्यानं बटण मारत होता, डाव्यानंच काढत होता. ठेव, मार, काढ. डावा हात डायमध्ये जाई-येई.

स्टोअरमध्ये मोजणीला बसलेल्या काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. ते पूर्वी तीन नंबरलाच होते.

मुलीनं मोबाइल काढला आणि वीस सेकंदांची क्लिप घेतली. चिपटी, टेप, हात, आणि मग मोबाइल वर करून पोराचा चेहरा. लग्नात रोज कुणाचे तरी चेहरे टिपणाऱ्या हाताला ते आपोआपच जमतं.

परतताना चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर तिनं ती सरांना दाखवली. “उद्या आपण हेल्मेट घालून हसणारी माणसं काढायची? मी नाही करणार. हे ग्रुपवर टाकते. सगळीकडं फिरू दे.”

सरांनी क्लिप दोनदा बघितली. “छान घेतलीस. फोकस एकदा पण गेला नाही.”

“सर!”

“यात मालक कुठं आहे?”

ती गप्प.

“ठेकेदार? ज्याला माल जातो ती कंपनी? कुणीच नाही. एक हात आहे आणि एक चेहरा आहे. ही फिरली की परवा सकाळी मालक म्हणेल, नियम मोडला, आणि त्या पोराला गेटवरून परत पाठवेल. चिपटी नवीन पोरगा ठोकेल.”

“मग काय करायचं, गप्प बसायचं?”

“चिपटी का ठोकली असेल त्यानं?”

“आळस,” ती पटकन म्हणाली. मग तिलाच ते खोटं वाटलं. बारा तास उभं राहून ठेव-मार-काढ करणाऱ्याला आळशी कसं म्हणायचं?

“भिंतीवर काय होतं?” सरांनी विचारलं.

तिला आठवेना. आपल्याला चेहरा दिसला, चिपटी दिसली, आणि मागचा भला मोठा पांढरा बोर्ड दिसलाच नाही, हे तिला नंतर फार लागलं. पट्ट्यातल्या कुठल्याही शॉपमध्ये असतो तो तासाचा बोर्ड. डावीकडं वेळ, मग टार्गेट, मग झालेले नग, शेवटी शेरा. तीन नंबरसमोर लिहिलं होतं: टार्गेट ६००.

दुसऱ्या दिवशी सरांनी आधी ठरलेलं सगळं काढलं. हेल्मेट, बूट, हातमोजे, अग्निशामक नळकांडं, शपथ. मालकाचं मनोगत काढलं, तेही जीव लावून. खिडकीचा उजेड एका बाजूनं घेऊन त्या दमलेल्या माणसाला त्यांनी देखणा केला. मुलगी तोंड फुगवून ट्रायपॉड हलवत राहिली.

जेवणाच्या सुट्टीनंतर सर मालकाला म्हणाले, “साहेब, तीन नंबरचा एक शॉट हवाय. दोन्ही हातांनी बटण दाबताना. फिल्मचा मुख्य संदेशच तो आहे.”

“घ्या की. टू हॅन्ड बटण तर दाखवलंच पाहिजे.”

चिपटी कधीच निघाली होती, कॅमेरा येणार म्हटल्यावर सुपरवायझरनं सकाळीच काढली होती. सरांनी कॅमेरा लांब लावला. फ्रेममध्ये प्रेस, पोराची पाठ आणि दोन्ही हात, उजवीकडं नगांचा बिन, आणि मागं तासाचा बोर्ड. चेहरा नव्हता. “भाऊ, तुला जसं सांगितलंय तसंच चालव. दोन्ही हात. घाई नाही, नाटक नाही. मी म्हणेपर्यंत थांबू नकोस.”

“किती येळ, सर?”

“एक तास.”

मालकाला वाटलं, हे कलाकार लोक. दहा सेकंदांच्या शॉटसाठी तासभर घेत असतील. तो ऑफिसात गेला.

पहिली दहा मिनिटं पोराचा ताल जमेना. उजव्या हाताला सवय होती, डाव्याला नव्हती. ब्रॅकेट ठेवायचा, दोन्ही हात मागं आणायचे, दोन्ही बटणं, स्ट्रोक, मग पुन्हा आत. दर स्ट्रोकला जास्तीचे दोन-अडीच सेकंद. पुढं ताल बसला, पण सेकंद काही कमी होईनात. मुलगी कॅमेऱ्यामागं उभी होती. रोज तीन मिनिटांच्या गाण्यावर अख्खं लग्न बसवणाऱ्या तिला एवढा वेळ एकाच फ्रेमकडं बघत बसायची सवय नव्हती. विसाव्या मिनिटाला ती कंटाळली. चाळिसाव्या मिनिटाला तिनं मनात नग मोजायला सुरुवात केली.

तास झाल्यावर सुपरवायझर नेहमीप्रमाणे आला, बिनमधले नग मोजले आणि बोर्डवर लिहिले, तेही फ्रेममध्येच. टार्गेट ६००. झाले ४१२. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते त्याला सुचेना. त्यानं पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि रकाना कोरा ठेवून निघून गेला.

सरांनी कॅमेरा बंद केला. मुलीच्या चेहऱ्यावरचा फुगा केव्हाच उतरला होता.

गोष्टीतला मालक दुष्ट निघाला असता तर सांगायला सोपं गेलं असतं. तो तसा नव्हता. आठ मिनिटांची फिल्म त्यानं सगळी बघितली, स्वतःच्या मनोगतावर लाजला, आणि बोर्डच्या शॉटपाशी थांबला. फिल्ममध्ये तो शॉट पंधराच सेकंदांचा होता, तासाच्या अगदी शेवटचा. दोन हात, स्ट्रोक, मग सुपरवायझर येतो आणि लिहितो, ६००, ४१२.

“बोर्ड काढून टाका.”

“तो मागं आहे, साहेब. निघत नाही.”

“झूम करा. नुसते हात दाखवा.”

“नुसते हात दाखवले तर फिल्म खोटी होते. हात खरे आहेत, पण असे हात चालवले तर तुमचा बोर्ड भरत नाही, हेही खरं आहे.”

मालक उठला, दार लावून आला. “सर, तुम्हाला काय वाटतं, मला माहीत नाही? ६०० मी लिहिलं नाही. मला दर एका नगाला मिळतो, पैशांत मिळतो, आणि तो तासाला ६०० धरूनच ठरलाय. मी ४१२ काढले तर महिन्याच्या शेवटी पगार कुणाच्या शेतातून देऊ? शेत तर विकलं मी प्रेस घ्यायला.”

सरांकडं याला उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की ते गप्प राहत. ते म्हणाले, “मग तसंच बोला कॅमेऱ्यासमोर.” मालक म्हणाला, “मग धंदाच बंद करतो.”

फिल्म घेतली गेली नाही. उरलेले निम्मे पैसेही आले नाहीत. मालकाच्या पुतण्यानं मोबाइलवर एका दुपारीत दुसरी फिल्म काढली, हेल्मेटवाली, मागं जोशपूर्ण संगीत. सुरक्षा सप्ताहात ती दाखवली गेली, लोकांनी पेढे खाल्ले. तीन नंबरला चिपटी परत आली.

मुलीचं डोकं फिरलं. “तुमचं तत्त्व राहिलं, पैसे गेले, आणि त्याचा हात अजून आतच आहे. माझी क्लिप तरी टाकू द्यायची होती.”

तिचं सगळंच चुकीचं होतं असं मला वाटत नाही. त्या वेळी तरी हिशेब तिच्या बाजूनं होता. सर एवढंच म्हणाले, की बाबूरावांचा ‘सावकारी पाश’ही पडलाच होता, आणि अकरा वर्षांनी, १९३६ मध्ये, त्यांनी तोच पुन्हा बोलपट करून काढला. त्याच साली त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दामले-फत्तेलालांनी प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आणला. तुकोबांनी सावकारीची कागदपत्रं इंद्रायणीत सोडली ते देहू तर तळवड्याच्या एमआयडीसीला लागूनच. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाबूरावांना सोडून गेले आणि त्यांनी प्रभात काढली. पुण्यात प्रभातची जी जागा होती, तिथंच १९६० साली सरांची इन्स्टिट्यूट उभी राहिली.

“शिष्य सोडून जातात ते मला माहीत आहे,” सर म्हणाले. “तुला जायचं तर जा. पण जाण्याआधी ती तासाची फाइल नीट नाव देऊन ठेव.”

“कशाला? एका तासाची फाइल, केवढी जागा खाते! हार्ड डिस्क भरलीय.”

“लग्नं काढ त्यातली.”

तिनं चिडून दोन लग्नं पेन ड्राइव्हवर हलवली आणि फाइलला नाव दिलं: तीन नंबर, दोन हात, पूर्ण तास. आणि ती खरंच गेली. चार-पाच महिने रविवारी आली नाही.

पावसाळ्याच्या शेवटी मालकाचा फोन आला, सरांना नाही, तिला. तिचा नंबर मनोगत काढताना त्यानं घेतला होता.

“ताई, तो एक तासाचा व्हिडिओ काढला होता ना तुम्ही? सरांना विचारायला जरा… तो आहे का अजून?”

झालं होतं असं, की दरवर्षीसारखा दर कमी करायला कस्टमरचा इंजिनियर येणार होता. स्टॉपवॉच घेऊन प्रेसपाशी उभा राहणार, दहा स्ट्रोक मोजणार, आणि दहा स्ट्रोक कुणीही जिवाच्या आकांतानं भरभर मारून दाखवतो. मालकाला पूर्ण तासाचा पुरावा हवा होता. नियमानं दोन्ही हात चालवले तर काय निघतं, मध्ये न कापता.

“आहे,” ती म्हणाली. “पण त्यात बोर्ड आहे. झूम करून देऊ का?”

“अहो, बोर्डासकटच पाहिजे. बोर्डाशिवाय त्याला काय अर्थ आहे?”

तिनं फोन कानापासून लांब धरला, थोडी हसली, मग पुन्हा कानाला लावला. “फाइल मिळेल. आधी सरांचं राहिलेलं बिल. आणि त्या प्रेसचं बटण बदला. दर वेळी दोन्ही हात सोडावे लागतात असं येतं ना, तसलं.”

“बटणाचं मी काय… ठीक आहे. बघतो.”

“बघतो नाही.”

“बसवतो, ताई.”

इंजिनियरनं तासभर व्हिडिओ बघितला असं म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, त्यानं पुढं पळवतच बघितला असणार. पण शेवटचा रकाना त्यानं बघितला. मालकानं मागितला त्याच्या निम्मा दर वाढला. बोर्डवर आता ४५० लिहितात. लातूरचा पोरगा म्हणतो, डावा खांदा दुखतोय, पण चालतंय. मधल्या काळात तीन नंबरला कुणाचं बोट गेलं नाही, हे फिल्ममुळं नव्हे, नशिबानं. एक आणि दोन नंबरची बटणं अजून जुनीच आहेत. मालक म्हणतो, दिवाळीनंतर.

सरांचं साउंड मिक्सिंग झालं. मुलगी रविवारी पुन्हा येऊ लागली, आता खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभी राहते आणि नव्या पोरांच्या फोकसच्या चुका काढते. एका रविवारी वर्ग सुटताना शेजारच्या आळीतला एक प्रेसवाला दारात आला. चाकणला काय झालं ते त्याच्या कानावर गेलं होतं.

“सर, आमच्याकडं पण तसली फिल्म करायची आहे. दर वाढवून मिळतो म्हणे त्यानं. पण आमच्या शॉपला बोर्डच नाही लावलेला. मग फ्रेममध्ये काय धरायचं?”

सरांनी मुलीकडं बघितलं. तिनं ट्रायपॉड काखेत मारला.

“आधी प्रेस दाखवा,” ती म्हणाली. “बोर्डचं नंतर बघू. आणि कुणी कामगार कॅमेऱ्याकडं बघून हसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवा.”